कपाळावरचे तेल

त्या प्रदेशात पाणी एका जागी राहत नसे, म्हणून देवही एका जागी राहत नसे. एक तळे आटले की हत्तींचा कळप दुसऱ्या तळ्याकडे निघे आणि त्याच्याबरोबर त्याचे देवघर निघे. देवघर म्हणजे कातड्यांची, लाकडी खांबांची, वेताच्या दोरांनी आवळलेली एक मोठी राहुटी होती. बाहेर कुडाचे अंगण, आत दिव्याची खोली, आणि त्या खोलीच्या टोकाला एक जाड पडदा. पडद्यामागे ठेव होती. ती ठेव म्हणजे नेमके काय, हे कुणी कुणाला सांगत नसे. पूर्वजांनी ती सांभाळायला दिली होती आणि ती उघडी पाहायची नव्हती, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. ती बरोबर असली की पुढचे पाणी सापडते, असा कळपाचा विश्वास होता, आणि आजवर पाणी सापडत आले होते.

सेवा वाटून दिलेल्या होत्या. कळपातली सर्वांत वृद्ध हत्तीण, जिला सारे थोरली म्हणत, तिने त्या वाटल्या होत्या. कातडी आणि पडदे एकांनी वाहायचे, खांब आणि मेखा दुसऱ्यांनी. मानाच्या दोन सेवा मात्र एकाच घराण्यात होत्या. त्या घराण्याची वडील शाखा आतली सेवा करी. दिव्यात करंजाचे तेल घालायचे, वात पुढे सारायची, सालईचा डिंक निखाऱ्यांवर टाकून धूप करायचा, साठलेली राख उचलून लांब नेऊन टाकायची. धाकटी शाखा ठेव खांद्यावर वाही. मुक्काम हलायच्या दिवशी आतला सेवेकरी एकटाच धूप घेऊन पडद्याशी जाई, पडदा उतरवून ठेवीवर सोडी, त्यावर कातडे आणि कातड्यावर निळे वस्त्र घाली, कड्यांतून दांडे सरकवी, आणि मग हाक मारी. तेव्हा ठेव वाहणारे चौघे आत येत. त्यांना दिसे ते निळे वस्त्र.

दुर्धर हा त्या चौघांतला पुढचा उजवा होता. कळपात त्याच्याएवढा खांदा दुसऱ्या कुणाचा नव्हता. चढणीवर बाकीचे तिघे अडखळले तरी ठेव कधी कलली नाही, ती त्याच्यामुळे. मेखा वाहणारे त्याच्या खांद्याकडे पाहत आणि त्यांच्या नजरेत काय असते ते दुर्धर ओळखून होता. त्याला मात्र त्या नजरेत कधी सुख वाटले नाही, कारण तो स्वतः पडद्याकडे पाहत असे.

पडद्याच्या आत जाणारा शमीक होता. शमीक दुर्धरचा चुलत भाऊ, पण चुलत म्हणणे नावापुरतेच. दुर्धर जन्मला त्याच आठवड्यात त्याची आई गेली. शमीकच्या आईने एका बाजूला शमीकला आणि दुसऱ्या बाजूला दुर्धरला लावून दोघांना वाढवले. दुर्धर तिला काकू म्हणे. ती त्याला धरू म्हणे, आणि शमीकला शमू. लहानपणी दोघे एकाच चिखलात लोळले, एकमेकांच्या शेपट्या धरून नद्या ओलांडल्या. मग एके दिवशी थोरलीने शमीकच्या कपाळावर तेल ओतले. सात वनस्पतींचा अर्क घातलेले ते तेल कपाळावरून ओघळून सोंडेच्या मुळापर्यंत आले आणि सगळ्या माळावर त्याचा वास पसरला. दुर्धर तेव्हा गर्दीत उभा होता. शमीकच्या पायात बारीक घंटा बांधल्या गेल्या. आत गेलेला सेवेकरी चालतो-फिरतो आहे हे बाहेरच्यांना त्या आवाजाने कळावे म्हणून. त्या दिवसापासून शमीक चालू लागला की मोठे हत्तीही बाजूला होत, आया पिल्लांना गप्प करत. दुर्धरसुद्धा बाजूला होई. पाऊल उचलताना दर वेळी त्याच्या मनात येई की हा माझ्याहून बारीक आहे, लहानपणी ओढ्याच्या पाण्याला भीत होता, आणि आता मी याला वाट देतो.

कपाळावर तेल असलेल्याला एक बंधन होते. त्याने मृताला शिवायचे नाही, मृतासाठी रडायचे नाही, आणि सेवेच्या वेळी देवघराचे अंगण सोडायचे नाही. हत्तींच्या कळपात हे बंधन लहान नव्हते. तिथे कुणी गेले की सगळे भोवती जमत, सोंडेने त्याचे कपाळ, कान, सुळे चाचपत, मोठ्याने रडत, आणि मग प्रत्येक जण त्याच्यावर फांदी आणि माती घाली.

मागल्या उन्हाळ्यात शमीकचे पिल्लू दरडीवरून घसरून गेले. सगळा कळप भोवती उभा राहिला. शमीक अंगणाच्या दाराशी उभा होता, कान पसरून, एक थेंबही न गाळता. दिव्याची वेळ झाली तसा तो वळला आणि आत गेला, आणि त्याच्या पायातल्या घंटा वाजल्या. तो आवाज ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या. दुर्धर तेव्हा पिल्लाच्या अंगावर फांदी ठेवत होता. त्याने वर पाहिले तर एकाचीही नजर पिल्लाकडे नव्हती. मेले याचे पिल्लू, तरी पाहायचे ते यालाच, असे त्याच्या मनात आले. आणि मनात तसे आल्याची त्याला लाजही वाटली नाही.

दुर्धरची धाकटी सावत्र बहीण मृदा पडदे वाहत असे. भावाच्या मनातले तिला बोलल्यावाचून कळे.

“दादा, तू शमीकदादाकडे कसा बघतोस ठाऊक आहे?” ती एकदा म्हणाली. “कोरड्या घशानं दुसऱ्याच्या सोंडेतलं पाणी बघावं, तसा.”

“आम्ही एका आईच्या दुधावर वाढलोय,” दुर्धर म्हणाला. “मग तेल त्यालाच का?”

“एका आईच्या म्हणजे त्याच्या आईच्या. तिनं तुला दिलं, ते त्याच्या वाट्यातलंच होतं ना?”

 ते वाक्य दुर्धरला इतके लागले की त्यानंतर बरेच दिवस तो मृदाशी कामापुरतेच बोलला.

त्या वर्षी तळे लवकर आटले. काठावरचा चिखल भेगाळला, मधे एक गढूळ डबके उरले. थोरलीने सोंड उंच करून वारा हुंगला आणि पूर्वेकडे निघायचे ठरवले. पहाटे शमीक धूप घेऊन आत गेला, त्याने ठेव झाकली, दांडे सरकवले आणि नेहमीप्रमाणे हाक मारली, “या.”

कुणी आत गेले नाही. दुर्धर अंगणाच्या मधोमध उभा होता आणि त्याच्यामागे बाकीचे तिघे. कितीतरी दिवस तो त्यांच्याशी बोलत होता. चरताना, पाणी पिताना, अंगावर धूळ घेताना. ते तिघे साधे होते. दुर्धर बोलू लागला की त्यांना आपल्या खांद्यावरचे वळ आठवत, आणि तो गप्प झाला की पुन्हा विसरत. त्या दिवशी तो गप्प झाला नव्हता.

“आम्ही उचलणार नाही,” दुर्धर म्हणाला.

थोरली सावकाश पुढे आली. “काय झालं रे?”

“थोरली आई, या कळपात पवित्र एकटा शमीकच आहे का? ठेव सगळ्यांची. ऊन आमच्या पाठीवर, वळ आमच्या खांद्यावर. आणि पडद्याआड जायचं ते एकानं. कालही त्यानं, उद्याही त्यानंच.”

“वाहणं तुला कमी वाटतं?”

“कमी नाही वाटत,” दुर्धर म्हणाला. “पुरत नाही.”

कळपात कुजबुज झाली. मेखा वाहणाऱ्यांपैकी काही जण म्हणाले, खरे बोलतोय. दुसरे काही म्हणाले, आज पाणी नाही, भांडण उद्या करा. थोरलीने दोन्ही बाजूंचे ऐकले. झाकलेली ठेव दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर देता येत नव्हती, ती तशीच सोडून जाताही येत नव्हती. म्हणून सगळा कळप थांबला. शमीक दिव्याच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला, कारण झाकलेल्या ठेवीजवळून सेवेकऱ्याने हलायचे नसते.

तो दिवस गेला. दुसराही गेला. पिल्ले काठावरचा ओला चिखल चाटू लागली. आयांच्या अंगावर दूध येईना. जाता-येता त्या दुर्धरकडे पाहत, आणि दुर्धर त्यांच्याकडे न पाहता पूर्वेकडे पाही. त्याच्या तिघा साथीदारांपैकी एक जण हळूच म्हणाला, “बस झालं आता, उचलू या.” दुर्धर म्हणाला, “आता उचललंस तर जन्मभर उचलशील.” साथीदार पुन्हा त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबक्याच्या बाजूने किंचाळी आली. काकू मधल्या पाण्यापर्यंत जायला निघाली होती. तिच्या दाढा गेल्या होत्या, डोळे अधू झाले होते, आणि पाण्याची चमक तेवढी तिला दिसली होती. अर्ध्या वाटेवर चिखलाने तिला धरले. ती हलेल तशी आणखी खाली जात होती. बाकीचे पोहोचले तेव्हा तिचे पोट चिखलात गेले होते.

दुर्धर सर्वांत आधी धावला. त्याने फांद्या आणून तिच्या पुढे टाकल्या, तो स्वतः गुडघ्यापर्यंत आत उतरला, तिच्या काखेखाली खांदा घातला आणि उचलले. ठेव उचलतानाही त्याने एवढे बळ कधी लावले नव्हते. चिखल मोठा आवाज करून सुटला. काकू काठावर आडवी झाली, धापा टाकत. तिच्या छातीतून घरघर येत होती.

“धरू,” ती म्हणाली. “तूच ना? खांदा ओळखला मी.”

दुर्धरने तिच्या डोळ्यांवरचा चिखल पुसला. त्या क्षणी त्याच्या मनातले सारे सैल झाले. आत्ताच उठावे, चौघांना हाक मारावी, दांडे खांद्यावर घ्यावेत आणि हिला पाण्यापर्यंत न्यावे, असे त्याला वाटले. तो उठणार, तेवढ्यात काकूने मान इकडे-तिकडे फिरवली.

“आणि शमू कुठे आहे?” तिने विचारले. “शमू नाही आला?”

दुर्धरने वळून पाहिले. लांब अंगणात शमीक कान पसरून उभा होता. तिथून तो एक पाऊलही हलला नव्हता, आणि तरी ती त्याला विचारत होती. दुर्धर छातीपर्यंत चिखलाने माखला होता. तो म्हणाला, “तो आत आहे, काकू. त्याला यायची मुभा नाही.” आणि जे सैल झाले होते ते पुन्हा आवळले गेले.

संध्याकाळ व्हायच्या आत थोरलीने सगळ्यांना अंगणात बोलावले. “आता जे व्हायचं ते आज होऊ दे,” ती म्हणाली. “उद्यापर्यंत पिल्लं राहणार नाहीत. शमीक, तू बोल.”

शमीक लगेच बोलला. “दुर्धरला आत जाऊ द्या. त्याच्या जागी मी खांदा देतो.”

इतके चटकन कुणी काही सोडत नसते.  दुर्धरने भांडणाची तयारी केली होती. त्याच्याकडे उत्तरे होती, आणि आता प्रश्नच आला नव्हता. हा मोठेपणा मिरवतोय, त्याला वाटले. देतानाही वरच राहायचे आहे याला.

थोरली शमीककडे बराच वेळ पाहत राहिली. मग दुर्धरकडे वळली. “तेल लागलं की काय काय सुटतं, ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे. त्याला जमलं ते मला जमेल.”

“त्याला जमलं की नाही, ते तू त्याला विचारलंस का कधी?”

दुर्धरने विचारले नव्हते. तेव्हाही विचारले नाही.

तेल काढायला शमीकने राख आणि पाण्याने कपाळ चोळले. पाणी इतके थोडे होते की राखेचा नुसता लगदा झाला. घंटा सोडून त्याने त्या दुर्धरच्या पायात बांधल्या आणि आतल्या सेवेची रीत हळू आवाजात सांगितली. “आधी धूप. धूर दाट होऊ दे, अगदी समोरचं दिसेनासं होईपर्यंत. मगच वस्त्रं काढायची. हाताळायचं ते अंदाजानं. धूर असतो तो ठेव दिसू नये म्हणूनच.”

“म्हणजे तूही कधी पाहिली नाहीस?”

“नाही.”

दुर्धरचा त्यावर विश्वास बसला नाही. इतकी वर्षे आत जाणाऱ्याने एकदाही डोळे किलकिले केले नसतील? सांगायचे नाही म्हणून सांगत नाही, एवढेच.

“आणखी एक, धरू,” शमीक म्हणाला. मोठे झाल्यापासून त्याने ते नाव घेतले नव्हते. “आईची छाती भरली आहे. तू तिच्याजवळ होतास, तिचा श्वास ऐकलास ना? ती फार दिवसांची नाही. तेल लागल्यावर तुला—”

“आता मागे ओढू नकोस मला,” दुर्धर म्हणाला. “सोडताना जड जातंय, ते कळतंय.”

शमीक बाजूला झाला.

थोरलीने तेल ओतले. ते दुर्धरच्या कपाळावरून डोळ्यांत उतरले आणि डोळे चुरचुरले, पण वास तोच होता, तोच, जो आजवर दुसऱ्याच्या अंगावरून येत आला होता. चौघे दांड्यांशी गेले तसा तो ठेवीच्या पुढे निघाला आणि घंटा वाजल्या. हत्ती बाजूला झाले. एका आईने पिल्लाच्या तोंडावर सोंड ठेवली. दुर्धर सावकाश चालला, गरजेपेक्षा सावकाश. काकू पडली होती तिथे तो मुद्दाम वाकडी वाट करून गेला, कारण हे तिने पाहावे असे त्याला फार वाटत होते. तिने पाहिले नाही. तिला आता जवळचेही दिसत नव्हते. तिने सोंड उचलली आणि हवा हुंगली. तिचा चेहरा उजळला.

“शमू,” ती म्हणाली. “आलास का रे बाळा?”

मृदा शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडले आणि भावाकडे पाहून मिटले. दुर्धर तिथून निघाला.

कळप चालू लागला. रीतीप्रमाणे सेवेकरी ठेवीच्या पुढे चालतो, तसा दुर्धर पुढे होता. खांद्यावर काही नव्हते आणि त्याला चालायला जमत नव्हते. ओझ्याच्या सवयीने तो दर पावलाला उजवीकडे झुकत होता. मागे दांड्यांची करकर येत होती. ती थोडी कलली की त्याला पाठीनेच कळे, पण वळून पाहायची मुभा नव्हती. एका चढावर त्याला शमीकचा आवाज ऐकू आला. तो मृदाशी बोलत होता.

“केवढी जड आहे गं ही,” शमीक म्हणत होता. दमलेल्या आवाजात हसू होते. “एवढी वर्षं तिच्याजवळ राहिलो, वजन आज कळलं.”

 ते वजन दुर्धरचे होते. लहानपणापासून ते त्याच्या हाडांत होते, आणि त्याबद्दल असे हसून बोलायचे त्याला कधी सुचले नव्हते. आता दुसऱ्याने बोलून दाखवल्यावर ते कुणीतरी उचलून नेल्यासारखे वाटले. तो पुढे चालत राहिला आणि मागच्या पावलांचे आवाज वेगळे करून ऐकू लागला. त्यांत एक पाऊल अडखळत, थांबत, पुन्हा पडत होते. काकू चालत होती. दोघी हत्तिणींनी तिला दोन बाजूंनी धरले होते.

रात्रभर चालल्यावर उजाडता उजाडता पाणी लागले. झाडीच्या खाली पसरलेले, निळेभोर. पिल्ले ओरडत धावली, त्यांच्यामागे आया, त्यांच्यामागे सगळे. फक्त ठेव वाहणारे आणि सेवेकरी थांबले, कारण ठेव जागी लावल्याशिवाय त्यांनी पाणी प्यायचे नसते. राहुटी उभी राहिली, अंगण आखले गेले. चौघांनी ठेव आत आणून ठेवली. शमीकने खांदा काढून घेतला, सुजलेल्या कातडीवर सोंड फिरवली आणि इतर तिघांबरोबर पाण्याकडे धावत सुटला. दुर्धर आत एकटा राहिला.

ज्याची त्याने जन्मभर वाट पाहिली होती ते आता त्याच्या सोंडेच्या अंतरावर होते. त्याने निखारे फुंकले, त्यांवर सालईचा डिंक टाकला. धूर उसळला. रीतीप्रमाणे दाट होऊ द्यायला हवा होता, पण त्याने थोडा कमीच डिंक टाकला. एखादी कड, एखादी झाक दिसेल म्हणून. तरीही धूर दाट झाला. बंद राहुटीत तो जायचा कुठे? त्याने निळे वस्त्र ओढले, कातडे ओढले, शेवटी पडदा उचलला. डोळे ताणून ताणून पाणी आले. समोर पांढऱ्या धुराखेरीज काही नव्हते. तो पडदा पुन्हा टांगेपर्यंत धूर विरला नाही, आणि विरला तेव्हा समोर पडदा होता. शमीकला नक्की काहीतरी युक्ती ठाऊक असणार, दुर्धरला वाटले. त्याने ती सांगितली नाही. त्याने मला रिकामे आत पाठवले.

त्याने दिवा लावला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आले की बाहेर आवाज येत नाही. पिल्लांचे ओरडणे नाही, पाणी उडवणे नाही. कळपात अशी शांतता एकाच कारणाने पडते.

तो अंगणाच्या दाराशी आला. काकू काठावर आडवी झाली होती. सोंडेचे टोक पाण्यात होते. एखादा घोट गेला असेल, तेवढाच. भोवती कळप उभा होता. शमीक तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला होता. तिच्या तोंडाजवळ कान नेऊन तो काहीतरी ऐकत होता, आणि मग त्याने उत्तर दिले ते वाऱ्याने दारापर्यंत आणले.

“इथेच आहे धरू, आई. जवळच आहे. तू पड निवांत.”

दुर्धरचा पाय उंबऱ्यावर पडला. घंटा वाजल्या. तो आवाज ऐकून कळपाने माना वळवल्या, सगळ्यांनी, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर आले. त्यांत धाक होता, आदर होता. जे शमीकच्या वाट्याला येताना त्याने पाहिले होते ते सगळे होते. एकटी मृदा त्याच्याकडे न पाहता काकूकडे पाहत होती. त्या नजरांखाली दुर्धर उंबऱ्यावर थांबला. आत दिवा नुकता पेटला होता, वात अजून धरली नव्हती. त्याने पाय मागे घेतला.

तेवढ्यात काकू गेली. त्याला ते शमीकच्या हंबरड्यावरून कळले. असा आवाज शमीकमध्ये होता हे कळपाला माहीत नव्हते. तो मोठ्याने रडत होता, डोळ्यांच्या मागून पाण्याचे ओघळ गालांवर येत होते, आणि रडता रडता तो पिल्लाचे नाव घेत होता. आईचे नव्हे, मागल्या उन्हाळ्यात गेलेल्या पिल्लाचे. त्याने सोंडेने तिचे कपाळ चाचपले, कान चाचपले, सुळ्यांची झिजलेली टोके, आणि पुढच्या पायांमधली ती जागा जिथून दोघांनी दूध प्यायले होते. तिथे त्याची सोंड बराच वेळ राहिली. दुर्धर दाराशी उभा राहून ते पाहत होता. त्याला रडायची मुभा नव्हती. आजवर त्याने शमीकच्या तेलाचा हेवा केला होता, घंटांचा केला होता, पडद्याचा केला होता. त्या रडण्याएवढा हेवा त्याला कशाचाच वाटला नव्हता.

एकेकाने फांदी घातली, माती घातली. थोरलीने घातली, मृदाने घातली. चिखलातून काकूला वर काढणारा खांदा अंगणाच्या कुडाला टेकून उभा होता. कळप हळूहळू पांगला. पाणी प्यायचे राहिलेले पाण्याकडे गेले. आतल्या दिव्याकडे एकदा पाहून यायला हवे म्हणून दुर्धर गेला, आणि परत आला तेव्हा दारासमोर शमीक उभा होता.

शमीक कपाळापासून पायांपर्यंत मातीने भरला होता. सोंडेवर माती, गालांवरच्या ओल्या ओघळांत माती.  दुर्धरने सोंड पुढे केली. त्या मातीत काकूचा वास असणार होता, तिच्या कातडीचा, तिच्या शेवटच्या श्वासाचा, आणि तो जाईल त्याआधी त्याला तो घ्यायचा होता. पण त्याच्या नाकात सालईचा धूर भरला होता, कपाळावरचे तेल दरवळत होते, आणि त्यापलीकडचे काही त्याला लागत नव्हते. त्याने सोंड आणखी लांबवली.

“जरा जवळ ये ना, शमू,” तो म्हणाला.

शमीकने त्याच्या कपाळाकडे पाहिले. वारा त्याच्या पाठीमागून देवघराकडे वाहत होता आणि त्याच्या अंगावरची कोरडी माती बारीक बारीक उडत होती. मृताच्या अंगावरची माती, आणि समोर तेल. इतकी वर्षे ज्याने ते तेल सांभाळले होते तो एक पाऊल मागे सरला, मग दोन. मग वळसा घालून तो पलीकडच्या बाजूला गेला, जिथे वारा देवघराकडून त्याच्याकडे वाहत होता, आणि तिथे थांबला. तिथून मातीचा एक कणही आत येणार नव्हता.

दुर्धरची सोंड दाराबाहेर तशीच लांबवलेली होती. वारा तिच्यावरून आत येत होता आणि धुपाचा वास घेऊन पलीकडे, शमीककडे जात होता.